सिनेमातल्या जागा बघायच्या असतील तर पहिला मुक्काम वाईत टाका

प्रश्न नाशिकच्या एका कुटुंबाचा आहे. नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस हाताशी आहेत, गाडी घरची आहे. घरात सगळ्यांनाच सिनेमाचं वेड, म्हणून यंदा जिथे प्रसिद्ध सिनेमांचं शूटिंग झालं त्या जागा बघायच्या ठरल्या आहेत. यादीत पँगाँग सरोवर आहे, गोव्यातला शापोऱ्याचा किल्ला आहे, 'शोले'चं रामनगर आहे, वाई-पाचगणी आहे आणि पुढच्या वर्षी जमलं तर स्वित्झर्लंडही आहे. सुरुवात कुठून करावी आणि आखणी कशी करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

अशा सहली आखून देणं हे माझं रोजचं काम आहे. ताई, माझं उत्तर सरळ आहे. यादी थोडी बाजूला ठेवा आणि एकच परिसर निवडा. सिनेमा येण्याआधीही जी जागा बघण्यासारखी होती आणि सिनेमा विसरला गेला तरी बघण्यासारखी राहील, अशीच जागा निवडा. तुमचे पाच दिवस, सोबतची वयस्कर मंडळी आणि दिवाळीतली गर्दी हे सगळं धरून मला वाई, मेणवली आणि पाचगणी एवढाच टापू योग्य वाटतो.

हे का म्हणतो ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या सहलीही तुम्हाला स्वतः आखता येतील.

पडद्यावर दिसणाऱ्या जागेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मुळात तिथे असलेलं आणि शूटिंगपुरतं उभं केलेलं. १९७५ च्या 'शोले'तलं रामगढ बेंगळुरूपासून साधारण ५० किलोमीटरवर रामनगरच्या खडकांमध्ये उभारलं होतं. ते खडक आजही तसेच छाती काढून उभे आहेत, पण गाव म्हणाल तर काही नाही, कारण तो सेट होता. आता तिथला रामदेवरबेट्टा गिधाडांसाठी राखीव आहे. 'लगान'चं चंपानेर भुजजवळच्या कुनारियाच्या माळावर उभं राहिलं आणि काम संपल्यावर उठलं. ज्याला खडकांची, माळरानाची ओढ आहे त्याने तिथे जरूर जावं. 'ते गाव बघू' म्हणून मुलीला घेऊन गेलात, तर तिची निराशा होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे कथेतलं गाव आणि शूटिंगचं गाव बहुतेक वेळा वेगळं असतं. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या शेवटी गाडी सुटते ते पंजाबातलं स्टेशन खरं तर पनवेल-रोहा मार्गावरचं आपटा, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातलं. 'शोले'तला रेल्वेवरचा दरोडाही पनवेलच्याच बाजूला चित्रित झाला. म्हणून नकाशा उघडण्याआधी सिनेमा पुन्हा बघायचा, आणि तोही वही घेऊन. आवडलेला प्रसंग थांबवून मागे काय दिसतं ते टिपा. डोंगराची कड, देवळाचं शिखर, नदीच्या पायऱ्यांचा आकार, रेल्वेचा पूल या हलवता न येणाऱ्या गोष्टी आहेत. मग शेवटची श्रेयनामावली नीट वाचा. आभारात ग्रामपंचायत, जिल्हा प्रशासन, देवस्थान, रेल्वे यांची नावं असतात आणि बहुतेक वेळा तिथेच गावाचा पत्ता लागतो. त्यानंतर उपग्रह नकाशावर ती डोंगरकड जुळते का बघा. हे काम मुलीकडे सोपवा. अकरा वर्षांच्या मुलांना यात इतकी गोडी लागते की सहल निघण्याआधीच अर्धी झालेली असते.

आता वाईबद्दल सविस्तर.

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी वसलेलं हे गाव पुण्याहून नव्वदेक किलोमीटरवर आहे. १९९७ चा 'मृत्युदंड', २००३ चा 'गंगाजल', २००४ चा 'स्वदेस', २०१० चा 'दबंग' आणि २०१३ चा 'चेन्नई एक्सप्रेस' या सगळ्यांचं बरंचसं चित्रीकरण वाई आणि आसपासच्या गावांत झालं. यातल्या कथा कुठल्या? बिहारच्या, उत्तर प्रदेशाच्या, थेट तमिळनाडूच्याही. एकच कृष्णाकाठ इतकी रूपं घेतो, त्याची कारणं गावात फिरताना आपोआप उलगडतात. दगडी घाट, हेमाडपंती वळणाची आणि पेशवाईतली देवळं, कौलारू वाडे, उसाची आणि हळदीची शेतं, चहूबाजूंनी डोंगर, आणि हे सगळं एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर. मुंबईहून सामान आणि माणसं एका दिवसात पोचतात आणि कलाकारांची राहण्याची सोय वर पाचगणी-महाबळेश्वरला होते. निर्मात्याला आणखी काय हवं?

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर, धोम धरणाच्या रस्त्याला आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट ही 'स्वदेस'मधल्या चरणपूरची मुख्य जागा. तिथे सकाळी लवकर जा, साडेसात-आठच्या सुमाराला. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि वरून खाली उतरताना एकदम पूर्ण दिसत नाही. शेवटच्या वळणावर नदी समोर येते. पाणी संथ असेल तर पायऱ्यांची कोर पाण्यात उलटी उमटते आणि वर्तुळ पुरं होतं. पडद्यावर कॅमेरा नदीच्या बाजूने लावलेला असल्यामुळे घाट फार प्रशस्त वाटतो. प्रत्यक्षात तो आटोपशीर आहे, आणि मला तो प्रत्यक्षातच जास्त आवडतो. काळ्या दगडाच्या पायऱ्यांच्या कडा वापरून गुळगुळीत झाल्या आहेत. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून आजी-आजोबांना वरच्या टप्प्यावरच बसवा. तिथून सगळं दिसतं आणि सावलीही मिळते.

घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच एका छोट्या दगडी मंडपात मोठी घंटा टांगली आहे. ही घंटा सावकाश बघा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. जवळ जाऊन पाहिलंत तर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल तिच्यावर उठावात दिसतं. तुमचे सासरे इतिहासाची पुस्तकं वाचणारे असतील, तर 'स्वदेस'चा घाट बघायला आलेली मंडळी या घंटेपाशी किती वेळ रमतील याचा नेम नाही. सिनेमाच्या निमित्ताने आलेल्या माणसाला अशी जागा हाताला लागते, म्हणून तर मी वाई सुचवतो.

वाडा खासगी मालकीचा आहे. आत जाण्याच्या वेळा आणि प्रवेशशुल्क तिथे विचारून घ्या आणि शूटिंग सुरू असेल तर आत सोडणार नाहीत हेही मनाशी धरून चला. आतले चौक, सागवानी खांब आणि भिंतींवरची जुनी चित्रं यांच्यासाठी तासभर तरी ठेवा. भिंतींना हात लावू नका, फ्लॅश मारू नका. रंग फार जुने आहेत.

वाई गावातला गणपती घाट संध्याकाळसाठी राखून ठेवा. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलं. मूर्ती एकाच दगडातली आणि भव्य आहे, पण देवळाला मागच्या बाजूने, नदीकडून वळसा घालायला विसरू नका. मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचं पाणी दोन्ही बाजूंना कापलं जातं आणि देवळावर थेट मार बसत नाही. कृष्णेला पूर आला की घाट पाण्याखाली जातो, तरी देऊळ अडीचशे वर्षांहून जास्त काळ उभं आहे. मुलीला ही भिंत दाखवून पाणी कुठून येत असेल असं विचारा, ती स्वतः ओळखेल. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातही थोडं थांबा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे घाट आजही गावाच्या रोजच्या वापरातले आहेत. बायका धुणं धुतात, कुणी अंघोळ करून देवदर्शनाला जातं, दशक्रिया विधीही नदीकाठीच होतात. समोर एखादं कुटुंब दुःखात बसलेलं असताना नायकाच्या पोजमध्ये फोटो काढणारे मी पाहिले आहेत आणि फार वाईट वाटतं. विधी चालू असेल तर तिथून लांब व्हा आणि अर्ध्या तासाने परत या. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. नदीत उतरायचा मोह टाळा. धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते आणि घाटापासून दोन हातांवर पाणी एकदम खोल होतं.

गावातल्या माणसांशी बोला. रिक्षावाले, चहाच्या टपरीवरचे, देवळापाशी बसलेले आजोबा यांच्यापैकी कुणी ना कुणी एखाद्या सिनेमात गर्दीत उभं राहिलेलं असतं, कुणी युनिटला गाडी पुरवलेली असते, कुणाच्या घराची ओसरी पडद्यावर दिसलेली असते. कुठली गल्ली रंगवली होती, बाजार कुठे उभा केला होता हे तेच सांगतील. कुठल्याही संकेतस्थळावरच्या यादीपेक्षा हे खात्रीचं, कारण यादी करणारे एकमेकांची नक्कल करतात आणि एकाची चूक दहा ठिकाणी फिरते.

आता दिवसांची मांडणी. नाशिकहून वाई तीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. दिवाळीत चाकण आणि पुण्याच्या वाहतुकीत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, तेव्हा पहिला पूर्ण दिवस प्रवासाचाच समजा. पहाटे निघा, खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला उजवीकडे वळा आणि उजेड असताना वाईत पोचा. मुक्काम तिन्ही रात्री वाईतच ठेवा. बहुतेक लोक पाचगणीला किंवा महाबळेश्वरला राहतात आणि वाई जाता जाता उरकतात. दिवाळीत तर वर खोल्यांचे भाव चढतात आणि पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. वाईत राहिलात की सकाळचा घाट आणि संध्याकाळचा घाट दोन्ही तुमचे, आणि गर्दी चढायच्या आधी तुम्ही वर जाऊन परतही येऊ शकता.

दुसरा दिवस मेणवलीचा आणि त्याला जोडून धोमचा. धोमच्या महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराची पुष्करणी आहे आणि तिच्यात कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी. दुपारी जेवून सगळ्यांनी झोपा काढाव्यात, कारण उन्हाच्या वेळी घाटाचा दगड तापतो आणि फोटोही सपाट येतात. संध्याकाळी गणपती घाट. डोंगर जवळ असल्यामुळे ऊन लवकर उतरतं, म्हणून साडेचारलाच निघा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पसरणी घाट चढायला लागा. पाचगणी फक्त बारा-तेरा किलोमीटर आहे. २००७ चा 'तारे जमीं पर' पाचगणीच्या न्यू एरा हायस्कूलमध्ये चित्रित झाला. मुलीचा तो आवडता सिनेमा असण्याची शक्यता आहे. ही चालू निवासी शाळा आहे, तिथे मुलं शिकतात, त्यामुळे आत जाण्याचा आग्रह धरू नका. टेबललँडवर भरपूर चाला आणि मग सिडने पॉइंटला जा. तिथून धोमचं पाणी आणि कृष्णेचं खोरं खाली पसरलेलं दिसतं. आदल्या दिवशी फिरलेला सगळा टापू एका नजरेत येतो आणि इतके सिनेमावाले याच खोऱ्यात का उतरले ते वेगळं सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत खाली या. स्ट्रॉबेरी दिवाळीत नसते, तिचा हंगाम थंडी पडल्यावर. कासच्या पठारावरचा फुलांचा बहरही तोवर ओसरलेला असतो, त्यामुळे कोणी सुचवलं तरी या फेरीत कास नको.

चौथा दिवस मुद्दाम मोकळा ठेवलाय. सासऱ्यांना आवड असेल तर वाईतल्या प्राज्ञपाठशाळेकडे चक्कर मारा. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून उभं राहिलं. नाहीतर आवडलेल्या घाटावर पुन्हा जा. दुसऱ्यांदा गेल्यावर माणूस कॅमेरा खिशात ठेवतो. दुपारनंतर पुण्यात येऊन मुक्काम करा. येताना वाट थोडी वाकडी करून कापूरहोळवरून नारायणपूर, मग सासवड आणि दिवे घाट उतरून हडपसर असं येता येईल. नारायणपूरला सासूबाईंचं दत्तदर्शन होईल आणि सासवडला पुरंदऱ्यांच्या वाड्याचा बुलंद दरवाजा बाहेरून बघता येईल. २०१८ चा 'तुंबाड' ज्यांनी पाहिलाय त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. मुलीला मात्र तो सिनेमा इतक्यात दाखवू नका. पाचव्या दिवशी घरी.

निघण्याआधी घरी दोनच सिनेमे एकत्र बघा, 'स्वदेस' आणि 'तारे जमीं पर'. 'गंगाजल' मोठ्यांनी वेगळा बघावा, मुलीसाठी तो फार हिंसक आहे. फोनमध्ये चार-पाच प्रसंगांचे स्थिरफोटो ठेवा आणि जागेवर गेल्यावर कॅमेरा कुठे उभा असेल ते मुलीला शोधू द्या. त्या चार-पाच जागा मिळाल्या की फोन आत ठेवायचा.

यादीतल्या बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. शापोऱ्याचा किल्ला २००१ च्या 'दिल चाहता है'मुळे तरुणांच्या तोंडी झाला. चढ छोटा आहे, पण सुटी दगडमाती आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास होईल. गोवा वेगळं ठेवा, वाईला जोडू नका. पाच दिवसांत दोन्ही केलंत तर गाडीच बघाल. मराठी सिनेमाची सहल हवी असेल तर 'सैराट'चा करमाळा तालुका हिवाळ्यात दोन दिवसांसाठी छान आहे. कमलाभवानीचं देऊळ आणि तिथली ९६ पायऱ्यांची विहीर बघा आणि उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी बघून परत या.

पँगाँगचा विचार मे-जूनपर्यंत पुढे ढकला. दिवाळीत तिथे कडाक्याची थंडी असते, आणि थंडीपेक्षाही उंचीचा प्रश्न मोठा आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर आणि सरोवर त्याहूनही सातशे-आठशे मीटर वर. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी लागते. सत्तरीच्या माणसांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. '३ इडियट्स'मुळे लेहजवळच्या शे गावातल्या द्रुक पद्म कार्पो शाळेत पर्यटकांची इतकी रीघ लागली की मुलांच्या शिक्षणात व्यत्यय येऊ लागला आणि २०१८ मध्ये शाळेला पर्यटकांना आवर घालावा लागला. थायलंडची माया बे तर एका हॉलिवूडपटानंतरच्या गर्दीने इतकी खराब झाली की २०१८ ते २०२२ बंद ठेवावी लागली आणि आता दरवर्षी काही काळ बंदच असते. मोठ्या गर्दीच्या जागी हंगाम टाळून जा किंवा तिथे जाऊच नका, असं मी आता स्पष्ट सांगतो. निवडायला जागा पुष्कळ आहेत.

स्वित्झर्लंडसाठी हाच नियम लावा: एक टापू, एक मुक्काम. इंटरलाकेनला चार रात्री राहा. यश चोप्रांचा पुतळा गावातच आहे. तिथून श्पीत्समार्गे रेल्वेने त्स्वाइझिमेन, सानेन आणि गश्टाड एका दिवसात होतात आणि 'दिलवाले दुल्हनिया'च्या युरोपातल्या भागातलं स्टेशन आणि पूल याच वाटेवर आहेत. डिसेंबर २०२२ पासून इंटरलाकेन ते माँत्रो थेट गाडीही धावते, म्हणजे वयस्कर माणसांना गाडी बदलायची दगदग नाही. गश्टाडजवळचं लाउएनन सरोवर चुकवू नका, त्यासाठी पुढे बस घ्यावी लागते. जायला मेचा शेवटचा आठवडा धरा. शाळेला सुट्टी असते, कुरणं हिरवी असतात आणि माथ्यावर बर्फही शिल्लक असतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळणं अवघड होतं. म्हणून पाचही जणांचे पासपोर्ट आत्ताच तपासा आणि अर्ज जानेवारीतच टाका. वाईची खोली मात्र याच आठवड्यात पक्की करा, तळमजल्यावरची मागून घ्या.